पालकांचा नकार

घोटीला आम्ही भाताच्या गिरणीच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो. गिरणी सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या फळीवरची पितळी भांडी बारीक थरथरायची, आणि घरातली सगळी माणसं नकळत एक पट्टी वर जाऊन बोलायची. दुपारी ती बंद पडली की आई मोठ्यानं म्हणायला सुरुवात केलेलं वाक्य मध्येच हळू करायची. पाहुणे हसायचे, आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर तुसाचा पिवळट धुरळा बसलेला असे. दिवाळीनंतर नवा भात गिरणीवर यायला लागला की त्याचा गोडसर, ओलसर वास घरभर भरून राही, आणि त्या दिवसांत आई मऊ भात, त्यावर उडदाचा घुटा आणि बाजूला खुरासणीची चटणी एवढंच करायची. दुसरं काही लागतही नसे. अजूनही नाशिकच्या माझ्या फ्लॅटमध्ये कुणी नवा तांदूळ आणून दिला की मी पिशवीत नाक घालून उभी राहते. सूनबाईंना आता त्याचं नवल वाटत नाही.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. गावात त्यांना नावानं फारसं कुणी ओळखत नव्हतं. ते देवीडॉक्टर होते. डॉक्टर अर्थातच नव्हते. सातवी पास झालेला, सरकारी नोकरीत लागलेला, खेडोपाडी चालत जाऊन देवीची लस टोचणारा माणूस. आज पन्नाशीच्या आतल्या माणसाला देवी म्हणजे काय ते सांगावं लागतं. अंगभर पुळ्या, ताप, आणि त्यातून जगलंच तर चाळणीसारखा चेहरा, कधी डोळेही गेलेले. अण्णांच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत एका उन्हाळ्यात पाच मुलं गेली होती. ते त्याबद्दल बोलत नसत, पण रोज सकाळी स्टोव्हवर पातेलं ठेवून सुया उकळत बसले की त्यांच्याकडे बघवत नसे इतके ते गंभीर असत. पाणी खदखदायला लागल्यावरही बराच वेळ ते स्टोव्ह बंद करत नसत. आई म्हणायची, रॉकेल संपतंय. ते ऐकत नसत.

त्यांच्या खांद्यावरच्या कातडी पिशवीत लशीच्या कुप्या, दुतोंडी सुया, स्पिरिट आणि कापूस असे, आणि एका कप्प्यात छापील कागदांची चळत. तो कायदा होता. इंग्रजांच्या वेळचा, पण चालू असलेला. मुलाला ठरावीक वयात देवी टोचून घेतली नाही तर आईबापाला नोटीस द्यायची, तरी ऐकलं नाही तर मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, दंड करायचा. अण्णांनी तो कागद फार थोड्या वेळा बाहेर काढला. एखाद्या घरी नकार मिळाला की ते ओसरीवर बसत, पाणी मागत, पिकापाण्याचं बोलत आणि पुढच्या खेपेला परत येत. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बहुतेक घरं ऐकत. नाहीच ऐकलं तर नोंदवहीत त्या मुलाच्या नावापुढे निळ्या शाईनं लिहीत : पालकांचा नकार.

त्याच नोंदवहीत माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. बेबीचं. आणि तिच्या नावापुढेही तेच दोन शब्द होते.

हे मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे नोंदवहीच्या रेघा मारायचं काम माझ्याकडे होतं, अक्षर बरं म्हणून. मी तेव्हा तेरा वर्षांची. बेबी चार वर्षांची. तिला आई उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालायची, म्हणजे दंड कोरा आहे हे कुणाला दिसू नये. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. आमच्या दोघींच्या मध्ये वसंता होता. तो दीड वर्षांचा असताना अण्णांनीच त्याला टोचली होती, तेव्हाच्या जुन्या हत्यारानं. त्याला गोल फिरणारे दाते होते, कातडीवर ठेवून फिरवायचं. वसंताचा दंड पिकला, ताप चढला, आणि नवव्या दिवशी तो गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हगवणीचं नाव सांगितलं. पण बेबी जन्मली, तिला टोचायची वेळ आली, तेव्हा आई बाळंतिणीच्या खाटेवरून एवढंच म्हणाली, "हिला नाही." अण्णांनी पिशवी बंद केली आणि खुंटीला अडकवली. त्यानंतर चार वर्षं त्या घरात हा विषय निघाला नाही. ते लोकांच्या मुलांना टोचायला रोज सकाळी बाहेर पडत, आणि आई त्यांच्या डब्यात भाकरी बांधून देई.

खोटं लिहिणं सोपं होतं. एक खूण केली असती की झालं. मी एकदा रेघा मारताना विचारलंही, की इथे नुसती बरोबरची खूण का केली नाही. अण्णा म्हणाले, "झालेलं नाही ते झालं कसं लिहू?" मग थोड्या वेळानं म्हणाले, की वही खोटी झाली तर एखाद्या गावात कोण उघडं आहे ते कुणालाच कळणार नाही, आणि रोगाला मात्र बरोबर कळेल.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला डोंगराकडच्या एका वाडीत देवीचा रोगी निघाला. वीटभट्टीवर गेलेला माणूस ताप घेऊन घरी परतला होता. पंधरा दिवसांत त्याच्या भावाच्या मुलीच्या अंगावर पुळ्या उठल्या. अण्णांनी खबर पाठवली, आणि दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याहून एक साहेब जीप घेऊन आले. साहेबांचा स्वतःचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. बोलणं अगदी हळू, पण वाक्य संपलं की ते संपलेलं असे. त्यांनी सांगितलं, की त्या वाडीभोवतीच्या सगळ्या वस्त्यांतलं प्रत्येक माणूस आठवड्याच्या आत टोचलं गेलं पाहिजे. ओसरीवर बसून पाणी मागायला आता वेळ नाही. साथीचा कायदा लागू आहे. बरोबर पोलीस येतील.

पुढचं मी पाहिलेलं नाही. अण्णांनी ते आईला सांगितलं तेव्हा मी शेजारी बसून तांदूळ निवडत होते, आणि दोघांपैकी कुणीही मला उठवलं नाही. तांबडं फुटायच्या आत ते वाडीवर पोचले होते. माणसं शेताकडे पांगायच्या आधी गाठायची म्हणून. पोलीस दोन्ही वाटांवर उभे राहिले. बरीच माणसं मुकाट्यानं पुढे आली, साहेब दिसला की लोक येतातच. पण पारूबाई नावाच्या एका बाईनं दाराला आतून मुसळ लावलं. कुडाचं दार ते, दोन धक्क्यांत आत पडलं. ती कोपऱ्यात मुलाला पोटाशी धरून बसली होती. एका पोलिसानं तिचे खांदे दाबले, दुसऱ्यानं मुलाचा हात उघडा करून पुढे ओढला, आणि साहेबांनी अण्णांकडे पाहिलं.

"मी सुई लशीत बुडवली होती," अण्णा आईला म्हणाले. "हातात होती. बुडवली तेव्हा टोचणारच होतो. मग त्या बाईनं वर पाहिलं. ओरडली नाही. नुसती म्हणाली, मी काय चोर हाय का."

अण्णांनी सुई परत ठेवली. साहेबांनी पुन्हा सांगितलं. अण्णा म्हणाले, "साहेब, धरलेल्या हाताला मी टोचणार नाही." बरोबरच्या दुसऱ्या लस टोचकानं ते काम केलं. तो वाईट माणूस नव्हता. पुढे अनेक वर्षं तो आमच्याकडे दिवाळीला यायचा, आणि हा विषय निघाला की मान खाली घालून चहा ढवळत बसायचा. पारूबाईचा मुलगा जगला. त्याच्या दोन घरं पलीकडची मुलगी, पुळ्या उठलेली, ती गेली. हे दोन्ही मी इथे लिहून ठेवते, कारण अण्णांनीही ते कधी लपवलं नाही.

त्याच दिवशी दुपारी साहेब आमच्या घरी आले. गिरणी चालू होती. अण्णांनी खुर्ची दिली, आईनं मला पाणी घेऊन पाठवलं. साहेबांच्या मांडीवर नोंदवही होती. ते पानं उलटत होते, आणि मला वाटलं ते कुठल्या तरी गावाबद्दल विचारतील. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, की हे नाव, हे आडनाव, ही तुमची मुलगी का. अण्णा हो म्हणाले. साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, की आता मला सकाळचं कळलं.

"नाही कळलं," अण्णा म्हणाले. "ते वेगळं आहे."

साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या पाठची बहीण देवीनं गेली. घरात लस टोचणारा येऊन गेला होता, आजीनं त्याला दारातून परत पाठवलं होतं. "तिला त्या दिवशी कुणी धरून टोचलं असतं ना, तर आज मी त्याच्या पाया पडलो असतो. तुम्हाला त्या बाईची लाज दिसली. मला तिचं पोर दिसलं." मी त्यावर पन्नासहून जास्त वर्षं विचार केला आहे.

मग साहेबांनी घराच्या आतल्या दाराकडे पाहून म्हटलं, की बाई, तुम्ही ऐकताय हे मला माहीत आहे. मी नवऱ्याला विचारत नाही, तुम्हाला विचारतो. मुलीला का नाही टोचत?

आई कधी परक्या पुरुषासमोर यायची नाही. ती दारापर्यंत आली. पदराला हात पुसत होती, आणि गिरणीच्या आवाजावर तिला मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळे ती रागावली आहे असं वाटलं असेल. "तुम्ही टोचता आणि निघून जाता," ती म्हणाली. "मागे काय होतं ते आम्ही बघतो. माझा वसंता तापानं फणफणला तेव्हा हे वैतरणेकडं दौऱ्यावर होते. लोकांची पोरं टोचत. सातव्या दिवशी आले. सात दिवस मी एकटी. कुणाला विचारू? कशानं फुगला, काय लावू, पाणी देऊ का नको देऊ. कायद्यात ते लिहिलंय का कुठं?"

साहेब म्हणाले, "नाही." जाताना त्यांनी अण्णांना एका बाजूला नेऊन सांगितलं, की हुकूम मोडल्याबद्दल त्यांना कामावरून दूर करावं लागेल, चौकशी होईल. दुसऱ्या दिवशी तसा कागद आला. अण्णांनी तो दोनदा वाचला, घडी केली, आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच सकाळी त्यांना कुठे जायचं नव्हतं. ते अंगणात बसून राहिले. तुसाचा धुरळा त्यांच्या टोपीवर बसत होता आणि ते झटकत नव्हते.

त्यानंतर आईनं जे केलं ते मला आजही पूर्ण उलगडलेलं नाही. दोन दिवस गेल्यावर तिनं बेबीला न्हाऊ घातलं, बिनबाह्यांचं झबलं घातलं आणि तिला उचलून अंगणात अण्णांच्या पुढ्यात आणून बसवलं. म्हणाली, "आता घरी आहात ना काही दिवस?"

अण्णा हो म्हणाले.

"मग टोचा हिला."

त्यांनी आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग म्हणाले, की साहेब काही म्हणतात म्हणून करू नकोस, बळजबरी कुणाचीच नाही. आई म्हणाली, की साहेबांचा इथे काय संबंध. चार कोसांवर देवी आल्या आहेत हे तिला कळत होतं. इतकी वर्षं तिनं सुईला नाही म्हटलं नव्हतं, एकटीनं राहायला नाही म्हटलं होतं. अण्णा उठले. पिशवी परत न्यायला अजून कुणी आलं नव्हतं, ती खुंटीलाच होती. त्यांनी स्टोव्ह पेटवला, पातेलं ठेवलं. त्या दिवशी ते पाणी किती वेळ उकळलं याला सुमार नाही. आईनं रॉकेलचं नाव काढलं नाही.

मग आमच्या घरात नऊ-दहा दिवस फोडणी झाली नाही. देवी अंगावर आल्या की फोडणीचा वास आणि तडतड चालत नाही असा रिवाज, आणि लस म्हणजेही एक प्रकारे देवीच. अण्णांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण ते बिनफोडणीचं वरण मुकाट्यानं जेवले. दारावर कडुलिंबाचा डहाळा आला. बेबीच्या दंडावर आधी लाल ठिपका, मग पाण्यानं भरलेला फोड, मग तो पिवळा झाला. आठव्या दिवशी तिला ताप चढला. भाताची पेज चमच्यानं पाजायची, ती थुंकायची, पुन्हा पाजायची. अण्णा तिच्या अंथरुणाशेजारून हलले नाहीत. फोड झाकायचा नाही, ओला करायचा नाही, हे असंच दिसायला हवं, ही सूज एवढीच असते. हे सगळं ते आईला एकेक करून सांगत होते, आणि मला जाणवलं की हजारो लोकांच्या दारात सांगितलेलं हे त्यांनी स्वतःच्या घरात पहिल्यांदाच सांगितलं होतं.

त्या दुपारी बेबीला जरा डोळा लागला होता. गिरणी बंद होती. मी उंबऱ्यात बसले होते. अण्णा आईकडे न बघता म्हणाले, "वसंताच्या वेळी मी घाईत होतो. गाडी गाठायची होती. हत्यार नीट उकळलं नव्हतं मी."

आई बेबीच्या अंगावरून हात फिरवत राहिली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "स्टोव्ह मीच पेटवला होता ना."

एवढंच. कुणी रडलं नाही. थोड्या वेळानं आई उठून आत गेली आणि त्यांच्यासाठी चहा करून घेऊन आली. दोन दिवसांनी बेबीचा ताप उतरला. तिसऱ्या आठवड्यात खपली पडली. आज ती पुण्याला असते, तिला दोन नाती आहेत, आणि दंडावरची ती खूण नातींना दाखवून ती त्यांना काहीतरी खोट्या गोष्टी सांगत असते.

पुढे मी नाशिकच्या कोर्टात टंकलेखक म्हणून लागले आणि तिथल्या ग्रंथालयात एकदा मुद्दाम ते जुने कायदे काढून वाचले. लशीच्या कायद्यात नोटीस होती, मुदत होती, दंड होता. माणसाला धरून टोचावं असं मला त्यात कुठे सापडलं नाही. साथीच्या कायद्यात मात्र सरकारला योग्य वाटतील ते उपाय करता येत होते. सरकारनं कुठे थांबायचं ते सांगणारं वाक्य मी दोन-तीनदा शोधलं, सापडलं नाही. अण्णा तोपर्यंत गेले होते. नोटिशीच्या कागदापलीकडे त्यांनी हे कायदे वाचले असतील असं मला वाटत नाही. पण लशीचा कायदा कुठे संपतो ते त्यांना ठाऊक होतं. करोनाच्या वेळी आमच्या सोसायटीनं लिफ्टमध्ये कागद लावला, की लस घेतल्याचं सर्टिफिकेट नसलेल्या कामवाल्या बायकांना आत सोडणार नाही. आमची सुनंदा लस घ्यायला तयार नव्हती. सेक्रेटरींना वाटलं तिनं मोबाइलवर काहीतरी पाहिलंय. मी विचारलं, तर ती म्हणाली, ताप आला तर घरी बघायला कोण आहे काकू, दोन्ही पोरं लहान. मी तिला म्हटलं, टोचून सरळ माझ्याकडे ये आणि दोन दिवस इथेच झोप, पोरांनाही आण. ती आली. कागद लिफ्टमध्ये होताच. तो चूक होता असं मी म्हणत नाही, त्या वर्षी आमच्या मजल्यावर दोन माणसं गेली होती. नंतर वरच्या कोर्टानंही सांगितलं, की कुणाला जबरदस्तीनं टोचता येणार नाही, पण सगळ्यांच्या भल्यासाठी सरकारला काही बंधनं घालता येतील. पेपरात ते वाचलं तेव्हा मला ते कुडाचं दार आठवलं.

त्या उन्हाळ्यात बेबीची खपली पडायच्या आत साहेब पुन्हा आमच्याकडे आले. जीप त्यांनी हमरस्त्यावरच ठेवली होती आणि चालत आले होते. घडलं होतं असं, की पारूबाईच्या घरची हकिगत डोंगराकडे पसरली होती, आणि जीपचा आवाज आला की वस्त्याच्या वस्त्या रानात निघून जात होत्या. त्यातल्याच एका घरात देवी आल्या. ते लोक पोर घेऊन रानातच राहिले, आणि पोर तिकडेच गेलं. साहेबांनी हे सांगितलं आणि आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. मी तिथे उभी होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण आला नाही. तो माणूस झोपलेला नव्हता हे दिसत होतं. त्यांनी अण्णांना विचारलं, की तुम्ही जाल का. अण्णा म्हणाले, की पोलीस नकोत. साहेब बरं म्हणाले. आतून आई म्हणाली, "मीही येते."

चौकशीचं काय झालं ते मला कधी नीट कळलं नाही. अण्णांना कामावर पुन्हा घेतलं, पण त्यांची बढती कायमची अडकली. त्यांनी त्याबद्दल कुरकुर केल्याचं आठवत नाही.

शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून मलाही नेलं. बेबीला आईनं कडेवर घेतलं होतं. रानात पळणाऱ्या वस्त्यांपैकी पहिल्या वाडीवर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. माणसं आम्हाला पाहून घरांच्या मागे सरकली, पण एक बाई, एक लहान पोर आणि एक शाळकरी मुलगी पाहून पळाली नाहीत. आई एका घराच्या सावलीत जाऊन बसली. अण्णा लांब, आंब्याखाली. बायका हळूहळू गोळा झाल्या. त्यांच्यात ठकूबाई म्हणून एक होती, उंच, मोठ्या हाडाची, तिची नातवंडं तिच्या लुगड्याला धरून होती. तिनं थेट विचारलं, की टोचून मरतंय का कुणी.

लस टोचणाऱ्याच्या बायकोनं याला काय उत्तर द्यायचं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणाली, "माझा मुलगा गेला." अण्णा ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही. आईनं वसंताचं सगळं सांगितलं, हत्यार नीट न उकळल्याचंसुद्धा. मग तिनं बेबीचा दंड उघडा करून खपली दाखवली आणि म्हणाली, की हिला परवापरवा टोचली, त्यांनीच. ताप येतो. पिकतं. मी इथं दोन दिवस राहणार आहे, आणि आठ दिवसांनी परत येणार आहे. मला विचारा काय विचारायचं ते.

संध्याकाळपर्यंत फक्त एक तरुण बाई पुढे आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या आल्या, एकमेकींना ढकलत, पोरांना पुढे करत. आम्हाला त्यांनी नागलीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला, जेवताना आई एकीला पेज किती पातळ करायची ते सांगत होती. ठकूबाई मात्र आली नाही. तिची तीन नातवंडं टोचायची राहिली. अण्णांनी तिला नोटिशीचा कागद दिला, वाचून दाखवला, दंड होऊ शकतो हे सांगितलं. ती म्हणाली, करा दंड. अण्णांनी तिला नमस्कार केला आणि पिशवी उचलली.

साहेबांनी ते ऐकून डोकं धरलं. त्यांचं म्हणणं, की एका घरानं सगळं फुकट जाईल. अण्णा त्या दिवसांत जेवताना मध्येच थांबायचे. डोंगराकडून कुणीही बाजाराला आलं की त्याला आधी विचारायचे, ठकूबाईच्या घरी सगळे बरे आहेत ना. ते बरे होते म्हणून आज मी ही गोष्ट अशी सांगू शकते. तसं नसतं झालं तर मला वेगळी सांगावी लागली असती, आणि अण्णांना उरलेलं आयुष्य वेगळं काढावं लागलं असतं. त्यांना हे माहीत होतं. त्यांनी तो धोका दुसऱ्याच्या नातवंडांवर घेतला होता, आणि ते त्यांना पेलत नव्हतं.

आई ठरल्याप्रमाणे आठ दिवसांनी गेली. अण्णांशिवाय, चालत, मला घेऊन. तिनं सगळ्या पोरांचे दंड पाहिले, एकीला कडुलिंबाच्या पाण्याचं सांगितलं, एका पोराचा ताप जास्त होता त्याच्याजवळ दुपारभर बसली. मग ती ठकूबाईच्या अंगणात गेली आणि तिच्याबरोबर वरई पाखडत बसली. लशीचा शब्द काढला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. निघताना ठकूबाईनं तिला करवंदांचा द्रोण दिला.

तिसऱ्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा ठकूबाई ओसरीवर उभी होती. तिन्ही नातवंडं न्हाऊन, केस चोपून तिच्या शेजारी बसवलेली होती. ती आमच्या मागच्या वाटेकडे बघत होती. बघून झाल्यावर तिनं आईला जरा रागानंच विचारलं, "तुझा मानूस का नाय आला?"

आई पायरीवर टेकली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "तू बोलावलं नाहीस."